नाकमुरडे आणि धुतलेलं कार्ड

दुकानात त्यांना सगळे नाकमुरडे म्हणत, आणि इतकी वर्षं म्हणत आले होते की नव्या गिऱ्हाइकाला ते आडनावच वाटे. कुणी तर अदबीने ‘नाकमुरडेसाहेब’ अशी हाक मारी. त्यावरही ते नाक मुरडत.

किळस यायला माणसाला काहीतरी कारण लागतं, असा आपला समज असतो. नाकमुरड्यांना लागत नसे. पेल्यावर बोटाचा ठसा दिसला की त्यांची तहान मरे. शेजारचा मचमच करत जेवू लागला की हे आपला डबा उचलून जिन्यात जाऊन बसत. लिफ्टचं बटण ते कोपराने दाबत, नोटा मोजताना बोटाला थुंकी लावणाऱ्या माणसाकडे खुनी असल्यासारखं बघत, आणि बसमध्ये कुणी शिंकलं तर पुढच्या थांब्यावर उतरून उरलेला रस्ता चालत जात. त्यांची बायको म्हणे, “तुम्हाला घडवताना देवाचं सगळं लक्ष नाकाकडे होतं. बाकीचं त्याने कसंबसं उरकून टाकलं.”

आणि अशा माणसाच्या नशिबी काम कुठलं यावं, तर कॉम्प्युटर उघडण्याचं. बाहेरून कॉम्प्युटर किती सोज्वळ दिसतो! पण त्याचं झाकण उघडलं की मालकाचं घरच उघडं पडतं. पंख्यांवर साठलेल्या धुळीच्या गाद्या, त्यात गुंतलेले केस, कापलेली नखं, मुंग्यांची वारुळं, बिस्किटांचा भुगा. पॉवर सप्लायच्या उबेला झुरळं अंडी घालतात, हे आपल्याला ठाऊक नसतं म्हणून आपल्याला झोप लागते. सिगारेट ओढणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये आतून पिवळा चिकट लेप चढलेला असतो आणि तो साध्या फडक्याने निघत नाही. नाकमुरडे नुसत्या वासावरून सांगत, “तुमच्याकडे मांजर आहे. आणि तुम्ही अंथरुणात बसून खाता.” गिऱ्हाईक ओशाळून हसे. नाकमुरडे हसत नसत.

गेल्या काही वर्षांत मात्र त्यांच्या किळसेला नवं खाद्य मिळालं होतं. गेमिंगवाले येऊ लागले होते. सोबत मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ, आणि बजेट बेताचं. एकेका भागासाठी जीव तोडून घासाघीस करायची आणि शेवटी पैसे कशावर उधळायचे, तर दिव्यांवर. पंख्याला दिवे, रॅमला दिवे, कीबोर्डला दिवे, आणि हे सगळं लोकांना दिसावं म्हणून एका बाजूने काचेचं कॅबिनेट. त्या काचेतून हवा जात नाही, आतलं सामान उकडून निघतं, पण दिसतं कसं, लग्नाच्या मांडवासारखं! मग पैसे कमी पडले की कात्री कुठे लावायची? पॉवर सप्लायवर. सगळ्या शरीराला रक्त पुरवणारी वस्तू हलक्यातली हलकी, आणि अंगावर दागिने. नाकमुरड्यांनी सुरुवातीला समजावून बघितलं. “दिवे खेळतात का तुमच्या वतीने?” असंही विचारून बघितलं. गिऱ्हाइकं बिथरून समोरच्या दुकानात जाऊ लागली, तेव्हा मालकाने त्यांना पडद्यामागच्या खोलीत बसवलं आणि काउंटरवर यायची बंदी घातली.

त्या खोलीत पुढे जे सुरू झालं, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जाणार नाही.

मालक मऊ बोलणारा होता. कुणाचाही हात दोन्ही हातांत धरून बोलायची त्याला सवय होती, आणि ते ओलसर हात नाकमुरड्यांच्या डोक्यात जात. एके दिवशी या मालकाने दोन पोती आणून खोलीत टाकली. पोती, खरीखुरी, धान्याला वापरतात तशी. आत ग्राफिक्स कार्डं होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खेळातलं चित्र उभं करते ती ही वस्तू, आणि गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात महाग तीच. ही कार्डं कुठल्याशा शेडमधून आली होती. इंटरनेटवरचा तो क्रिप्टो नावाचा अदृश्य पैसा पाडण्यासाठी लोकांनी तिथे शेकड्यांनी कार्डं रांगेत लावून, विश्रांती न देता, तापवत ठेवली होती. त्या पैशाचा भाव गडगडला तशी त्यांनी ती वजनावर विकून टाकली. पंख्यांची पाती झिजलेली, धातूवर गंज, खाचांमध्ये मेलेले किडे, आणि सगळ्याला एक जळकट, आंबूस वास. नाकमुरड्यांनी पोत्याचं तोंड उघडलं आणि तिथेच त्यांना ओकारी आली.

“मास्तर, जरा साफसूफ करा,” मालक त्यांचा हात धरून म्हणाला. “तुमच्यासारखा स्वच्छ हात साऱ्या बाजारात नाही.”

साफसूफ म्हणजे काय ते हळूहळू कळलं. कार्ड पूर्ण उघडायचं, ब्रशने झाडायचं, स्पिरिटने धुवायचं, नवे पंखे बसवायचे. स्क्रूंची रंग उडालेली डोकी काळ्या मार्करने रंगवायची. मग मालक छापून आणलेली कोरी खोकी देई. कार्ड खोक्यात घालायचं, वर पारदर्शक प्लास्टिक चढवायचं, आणि गरम हवेच्या यंत्राने ते प्लास्टिक खोक्यावर आवळून घ्यायचं. झालं, कारखान्यातून आजच आलं! काउंटरवर ते खोकं नवं म्हणून विकलं जाई. किमतीला नव्यापेक्षा थोडं कमी, म्हणजे बजेटवाला बरोबर तिथेच येऊन अडकणार. दिव्यांवर पैसे उधळून बसलेल्याला तर ते देवासारखं भेटे.

नाकमुरड्यांना या कामाची शिसारी होती. हातमोजे, तोंडाला फडकं, घरी जाण्याआधी कोपरापर्यंत साबण. पण शिसारी होती ती मळाची की कामाची, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. शिवाय शिसारी असली तरी हात नीटच चालत. त्यांना गबाळं काम जमतच नसे. इतरांनी गुंडाळलेली खोकी कोपऱ्यात चुरगळलेली असत, यांची आरशासारखी. वाईट काम चांगलं करण्यासारखी घाण दुसरी नाही. पण ही गोष्ट त्यांच्या त्या प्रसिद्ध नाकाला कधी जाणवली नाही.

आता त्यांच्या ताईकडे वळू.

ताई त्यांच्याहून बरीच मोठी. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून नोकरी केली, नवरा गेल्यावर एकटीने मुलगी वाढवली, निवृत्त झाली आणि एका लॉण्ड्रीच्या वर दोन खोल्यांत राहू लागली. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर येई. मुलगी शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेली. सुरुवातीला फोन असत. पण फोनवर काय बोलायचं? जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. दोघी एकमेकींवर जीव टाकत होत्या आणि दोघींची बोलणी संपलेली होती.

मग मुलीनेच युक्ती काढली. तिने आईला एक खेळ शिकवला. इंटरनेटवर दोघींनी मिळून एक जहाज हाकायचं. मुलगी सुकाणूवर, आई समोर उभी राहून खडक आणि शत्रूची जहाजं बघणार, तोफ डागणार. ताईने कानाला हेडफोन लावला आणि तिला नोकरीवर परत गेल्यासारखं वाटलं. दर रविवारी सकाळी दोघी समुद्रावर जात. “उजवीकडे खडक! अगं, उजवीकडे!” असं ओरडता ओरडता मध्येच मुलगी सांगून जाई की ऑफिसातला साहेब त्रास देतो, की एका मुलाशी ओळख झाली आहे, की परवा रडू आलं. फोनवर हे कधी निघालं नसतं.

पण ताईचा कॉम्प्युटर होता भंगारात जमा व्हायच्या लायकीचा. समुद्र तिला ठिगळाठिगळांचा दिसे, आणि ऐन लढाईत चित्र थिजे. चित्र परत हलायला लागेपर्यंत जहाज खडकावर चढलेलं असे. मुलगी काही बोलत नसे. मग तिने जहाजावर आणखी दोघा मैत्रिणींना घेतलं. आणि एका रविवारी ती अगदी मायेने म्हणाली, “आई, तू आज नुसती बघ हवं तर. तोफ या दोघी सांभाळतील.”

ताई नुसती बघत बसली. त्या रविवारी मुलीने साहेबाचं काही सांगितलं नाही, कुणाचंच काही सांगितलं नाही. परक्या मैत्रिणींसमोर कोण सांगेल? दुसऱ्या दिवशी ताईने भावाला बोलावून घेतलं.

“मला गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय,” ती म्हणाली.

नाकमुरड्यांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि चहा बाजूला ठेवला. “या वयात?”

“या वयात. इतके इतके पैसे आहेत, याच्यावर एक दमडी नाही. त्यात काय बसतं ते सांग.”

आणि मग, खरं सांगायचं तर, नाकमुरड्यांच्या आयुष्यातले फार चांगले दिवस सुरू झाले. ते रोज काम संपवून ताईकडे येत. टेबलावर वर्तमानपत्र अंथरत, कारण टेबल त्यांना चिकट वाटे. ताई एकेक प्रश्न विचारी आणि ते एकेक गोष्ट समजावत. गिऱ्हाइकांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं ते सगळं इथे कुणीतरी ऐकत होतं.

“काचेचं कॅबिनेट नको. जाळीचं घ्यायचं. दिसायला चाळणीसारखं, पण हवा खेळते.”

“दिवे?”

“ताई!”

“बरं बाबा, नको दिवे.”

“प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊ. तुझ्या खेळात त्याला फारसं काम नाही. तिथे वाचले ते पैसे पॉवर सप्लायवर. तिथे कंजुषी केलीस तर एक दिवस सगळं घेऊन बुडेल. मदरबोर्ड साधा. रॅमच्या दोन पट्ट्या घे, एक मोठी नको, दोन असल्या की वेगाने काम होतं. आणि उरेल ते सगळं, सगळं ग्राफिक्स कार्डात.”

इथेच घोडं अडलं. उरलेल्या पैशांत नवं, खरंखुरं कार्ड बसत नव्हतं. थोड्यासाठी राहत होतं. नाकमुरड्यांनी प्रोसेसर आणखी खाली नेऊन बघितला, मग रॅम कमी करून बघितली, पण मग सगळंच लंगडं होऊ लागलं. शेवटी ते म्हणाले, “कार्ड सोडून बाकीचं घेऊन ठेवू. कार्डांचे भाव उतरताहेत. थोडं थांबलीस की बजेटात बसेल.”

“थांबायचं म्हणजे किती रविवार?”

“थोडेच.”

“तोपर्यंत मी नुसती बघत बसू?”

नाकमुरड्यांनी बेरीज पुन्हा एकदा करून बघितली. ताईने विचारलं, “तुमच्या दुकानात नाही का स्वस्तातलं? पाटी बघितली मी बाहेर. खास किंमत म्हणून.”

“आमच्या दुकानातलं घ्यायचं नाही,” नाकमुरडे म्हणाले.

“का रे?”

का ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. पोती सांगावी लागली असती, मार्कर सांगावा लागला असता, आणि मग ताईने विचारलं असतं की हे करतं कोण. नाकमुरड्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी नाक मुरडलं, आणि म्हणाले, “नको म्हणतो ना. घाणेरडं असतं.”

झालं! हाच तर घोळ होता. या माणसाला लिफ्टचं बटण घाणेरडं होतं, बसचा दांडा घाणेरडा होता, बहिणीच्या घरचा कप घाणेरडा होता. आयुष्यभर सगळ्यालाच नाक मुरडणाऱ्याने एकदा खरोखरच्या घाणीला नाक मुरडलं, तर समोरच्याला फरक कळावा कसा? ताई मनात म्हणाली, चालायचंच, याला कुठे काय आवडतं! आणि तिने विषय सोडून दिला.

पुढच्या आठवड्यात एके दुपारी नाकमुरडे दात दाखवायला दवाखान्यात गेले होते. (दातांच्या डॉक्टरचे हातमोजे नवे आहेत ना, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.) त्याच दुपारी ताई दुकानात जाऊन आली. भावाला ती काही बोलली नाही.

शनिवारी दुपारी नाकमुरडे बाकीचं सगळं सामान घेऊन ताईकडे आले आणि वर्तमानपत्र अंथरून जोडायला बसले. हे काम बघण्यासारखं असे. प्रोसेसर त्याच्या जागेत ते फुंकर घातल्यासारखा हलका ठेवत. वायरी अशा वळवत की आत एकही लोंबताना दिसू नये. जाळीच्या कॅबिनेटमध्ये सगळं बसलं. दिवा एकही नाही. नाकमुरड्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान उमटलं. इतकी स्वच्छ वस्तू त्यांनी कित्येक वर्षांत बांधली नव्हती.

“सध्या चित्र साधंच येईल,” ते म्हणाले. “कार्ड आलं की—”

“डोळे मीट,” ताई म्हणाली.

“काय?”

“मीट म्हणते ना.”

त्यांनी डोळे मिटले. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज झाला, आणि मांडीवर काहीतरी ठेवलं गेलं. त्यांनी डोळे उघडले. मांडीवर एक खोकं होतं. वर पारदर्शक प्लास्टिक, आरशासारखं ताणलेलं.

नाकमुरडे डावखुरे. प्लास्टिक आवळताना कोपऱ्यावरची दुमड सगळेजण एका बाजूला घालतात, आणि हे उलट्या बाजूला. कारखान्यातलं यंत्रही अशी दुमड घालत नाही. साऱ्या बाजारात तशी दुमड एकाच माणसाच्या हातची. त्यांनी एक कोपरा पाहिला, मग दुसरा पाहिला.

“गंमत करायची होती तुझी,” ताई सांगत होती. तिचा चेहरा फुलला होता. “दवाखान्यात गेला होतास ना, तेव्हा गेले. तुझे मालक किती चांगले रे! मी कोण ते सांगितलं तर उठून उभे राहिले. माझे हात हातात घेतले. म्हणाले, घरच्या माणसाला घरचा भाव. बरोबर माझ्या पैशांत बसवून दिलं.”

“ताई, हे बदलून आणतो,” नाकमुरडे घाईघाईने म्हणाले. “ही कंपनी चांगली नाही.”

“कंपनीचं मला काय कळतंय? पण मी विचारलंच त्यांना, माझा भाऊ नको म्हणत होता म्हणून. तर ते हसले. म्हणाले, ताई, हे तुमच्या भावानेच स्वतः तपासून, स्वतःच्या हाताने गुंडाळलेलं आहे. त्याच्या हाताला खोट असते का? मग मी काही विचारच केला नाही. तुझ्या हातचं म्हटल्यावर आणखी काय बघायचं?”

नाकमुरड्यांनी बोटाने कोपऱ्यावरची दुमड झाकली. खोकं मांडीवर होतं आणि त्यांना ते झटकून टाकावंसं वाटत होतं. खालून इस्त्रीची वाफ वर येत होती. ताईचा फुललेला चेहरा हळूहळू मावळत गेला. तिने टेलिफोन ऑफिसात जन्म काढला होता. पलीकडचं माणूस गप्प झालं की काहीतरी वाईट आहे, हे तिला कळत असे.

“काय आहे यात?” तिने विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. सगळं. शेड, पोती, किडे, स्पिरिट, मार्कर, खोकी. ताईकडे न बघता, वर्तमानपत्राकडे बघत सांगितलं. मालकाला त्यात त्यांनी दहा शिव्या घातल्या.

“म्हणजे चालणार नाही हे?” ताईने विचारलं.

“चालेल. कदाचित काही वर्षं चालेल, कदाचित उद्या बंद पडेल. काही सांगता येत नाही. पण खोकं फोडलेलं नाहीये, ताई. मी सोमवारी परत देतो. तुझे पैसे मी त्यांच्या छाताडावर बसून आणतो.”

“परत दिलंस की ते काय करतील त्याचं?”

“ठेवतील दुकानात.”

“आणि मग?”

“विकतील.”

“कुणाला?”

नाकमुरड्यांनी खांदे उडवले. “येईल त्याला. बजेटवाला कुणीतरी.”

“आणि नेता-आणताना हे प्लास्टिक फाटलं बिटलं, तर नवीन कोण चढवणार?”

नाकमुरडे वर्तमानपत्राची घडी सरळ करू लागले.

“सांग ना. कोण?”

“मी,” नाकमुरडे म्हणाले.

ताईने खोकं त्यांच्या मांडीवरून उचललं. स्वयंपाकघरात जाऊन सुरी आणली आणि प्लास्टिक उभं चिरलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. ओरडली असती तर नाकमुरड्यांना बरं वाटलं असतं. “फेकून द्यायची माझी ऐपत नाही,” ती म्हणाली. “आणि दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जाऊ द्यायचं नाही. बसव.”

त्यांनी बसवलं. कार्ड काढताना त्यांच्या अंगठ्याला स्क्रूवरचा काळा रंग लागला. तो त्यांनी पँटला पुसला. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

रविवारी सकाळी ताईने त्यांना बोलावलं. कार्ड किती तापतं ते बघायला, एवढंच ती म्हणाली. नाकमुरडे तिच्या मागे स्टुलावर बसले. मामालाही ऐकू येऊ दे म्हणून तिने आवाज स्पीकरवर ठेवला होता. खेळ सुरू झाला आणि समुद्र पडद्यावर आला. ठिगळं नाहीत, थिजणं नाही. लाटांवर ऊन चमकत होतं, दूरच्या बेटावरची झाडं हलत होती. कार्ड कुरकुर न करता चाललं होतं. नाकमुरड्यांना त्या सुंदर समुद्राची किळस आली. त्याच्या खाली काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

“डावीकडे दोन जहाजं!” ताई ओरडली. “मागे आणखी एक!”

“दिसली तुला?” भाचीचा आवाज आनंदाने फुटला. “आई, मलासुद्धा अजून दिसली नाहीत! घे, तोफ तूच घे. मुलींनो, सरका, आईला येऊ दे!”

ताईने तोफ घेतली. पहिलं जहाज बुडालं, दुसरं पळालं. पलीकडे तीन मुली टाळ्या वाजवत होत्या. त्या गडबडीत भाची हसत म्हणाली, “नवं आहे ना कार्ड? मामाने निवडलं?”

ताईने तोफेत नवा गोळा भरला. “हो,” ती म्हणाली. “नवं कोरं. मामाच्याच हातचं.”

तिने मागे वळून पाहिलं नाही. नाकमुरड्यांना तिच्या मानेचा मागचा भाग तेवढा दिसत होता, आणि तो ताठ झाला होता. आपल्या खोलीतली घाण आता ताईच्या तोंडात गेली, असं त्यांना वाटलं.

“मामा, आहेस ना तिथे?” भाची म्हणाली. “ऐक, माझ्या या मैत्रिणीचा धाकटा भाऊ तुमच्याच गावात शिकतो. त्यालाही असाच कॉम्प्युटर बांधायचाय, आणि पैसे आईसारखेच बेताचे. मी त्याला सांगितलंय, मामाच्या दुकानात जा, डोळे मिटून घे. पाठवू ना उद्या?”

आता ताईने वळून पाहिलं. नुसती बघत राहिली.

नाकमुरडे खाकरले. “दुकानात नको पाठवू,” ते म्हणाले.

“का रे?”

एवढं सोपं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि कालच तर ते सगळं बोलून झालं होतं. पण त्या तिकडच्या अनोळखी मुली ऐकत होत्या. भाची ऐकत होती. तिच्या मते मामा म्हणजे जगातला सगळ्यात स्वच्छ माणूस. नाकमुरड्यांनी नाक मुरडलं. “ते... लांब पडतं त्याला,” ते म्हणाले. “मी बघतो. घरीच ये म्हणावं.”

“लांब कुठे? बसने तर थेट आहे!” भाची हसली.

ताईने हेडफोन उचलला, वायर खोचली आणि कानांवर चढवला. स्पीकर बंद झाला. समुद्रावरचा गलका एकदम नाहीसा झाला. तिने समोरचा माइक ओठांजवळ ओढला आणि तिचा आवाज बदलला. स्पष्ट, एकसारखा, प्रत्येक शब्द सुटा. ऑफिसातला आवाज.

“अगं, ऐक. आत्ता मी तुला खोटं सांगितलं. कार्ड नवं नाहीये.”

मग तिने सांगायला घेतलं. पोत्यांपासून. एकही शिवी नाही, मालकावर काही ढकललेलं नाही. ही कार्डं कुठून येतात. मग मामा ती उघडतो. मग मामा त्यातले किडे काढतो. मग मामा स्क्रू रंगवतो. मग मामा नव्या खोक्यात घालून वर प्लास्टिक चढवतो, आणि तो फार छान चढवतो, कुणाला ओळखू येत नाही. त्या मुलाला सांग, तिथे जाऊ नकोस. मुलींनो, तुम्हीही ऐकून ठेवा.

नाकमुरड्यांनी आपलं काम असं सरळ शब्दांत कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मामा होता. त्यांना उठून हात धुवावेसे वाटले, पण मोरीपर्यंत जायला ताईच्या खुर्चीसमोरून जावं लागलं असतं. ते स्टुलावरच बसून राहिले.

ताईचं बोलणं संपलं. पडद्यावर जहाज समुद्राच्या मधोमध थांबलं होतं, सुकाणूवर कुणी नव्हतं. ताई हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून ऐकत होती. पलीकडून भाची काय म्हणत होती, ते नाकमुरड्यांना ऐकू आलं नाही.